ल्यूक कीक्ली आणि कॉलेज फुटबॉलमधला लाइनबॅकर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या आपल्या माणसांना तिथला फुटबॉल सगळ्यात आधी समजतो तो क्वार्टरबॅकमुळे, म्हणजे चढाईची सूत्रं हाती असलेल्या, पास फेकणाऱ्या गड्यामुळे. कॅमेरा त्याच्यावर, जाहिराती त्याच्या, गावगप्पाही त्याच्याच. त्याच्या समोर पाच यार्डांवर वाकून उभा असलेला जो माणूस हातवारे करत ओरडत असतो, त्याची चौकशी फारसं कुणी करत नाही. हे पान त्या माणसाबद्दल आहे. उदाहरणाला बॉस्टन कॉलेजचा ल्यूक कीक्ली घेतला आहे, कारण कॉलेजातून व्यावसायिक खेळात आणि तिथून निवृत्तीपर्यंतचा सगळा प्रवास त्याच्या कारकिर्दीत स्वच्छ दिसतो. त्यातले काही भाग सुखाचे नाहीत, तेही इथे आहेत.

लाइनबॅकर म्हणजे नेमका कोण?

दोन्ही बाजूंना ११ खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे जायचं असतं. गेले, तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. बचावाचे तीन थर असतात. पुढे धिप्पाड गडी, जे समोरच्यांशी थेट भिडतात. सगळ्यात मागे चपळ गडी, जे लांबच्या पासवर लक्ष ठेवतात. या दोघांच्या मधला थर लाइनबॅकरांचा.

मधला असल्यामुळे त्याला दोन्हीकडची कामं करावी लागतात. कुणी चेंडू घेऊन धावत आला तर त्याला पाडायचं. पास येणार असेल तर मागे सरकून जागा झाकायची. आणि कधी सगळं सोडून थेट क्वार्टरबॅकवर चालून जायचं. यातलं काय करायचं, हे ठरवायला त्याला अर्धा सेकंदही मिळत नाही. कबड्डीत चढाईपटूच्या खांद्याकडे न बघता पायांकडे बघणारा कोपरारक्षक आठवा, म्हणजे या जागेचा स्वभाव लक्षात येईल.

या जागांना टोपणनावं आहेत: मधला माइक, ज्या बाजूला समोरच्यांचं बळ जास्त तिथला सॅम, आणि उरलेल्या बाजूचा विल. कीक्लीचं नाव झालं ते माइक म्हणून.

तो मूळचा कुठला? लहानपणापासूनच नावाजलेला होता का?

जन्म २० एप्रिल १९९१, ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीचा. शाळा सेंट झेवियर. ही जेझुइट पाद्र्यांची, फक्त मुलांची आणि फुटबॉलवेडी शाळा. २००७ मध्ये या शाळेने एकही सामना न हरता ओहायोचं राज्य विजेतेपद मिळवलं, आणि त्या संघात कीक्ली होता. (शाळेला ज्यांचं नाव आहे ते संत म्हणजे ज्यांचा देह जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या चर्चमध्ये आहे तेच. मुंबईच्या झेवियर्सचेही तेच. पुढे त्याने निवडलेलं बॉस्टन कॉलेजही जेझुइटांचंच.)

नावाजलेला मात्र नव्हता. अमेरिकेत शाळकरी खेळाडूंना संकेतस्थळं तारे देतात. पाच तारे म्हणजे देशभरातली कॉलेजं दारात उभी. कीक्लीला तीन मिळाले होते. ज्या बलाढ्य संघांच्या मैदानात लाखभर माणसं बसतात, ते त्याच्या मागे लागले नाहीत.

पहिल्याच वर्षी त्याला संघात जागा कशी मिळाली?

दुसऱ्याच्या आजारपणामुळे. बॉस्टन कॉलेजचा मार्क हर्झलिक हा २००८ मध्ये एसीसी गटातला, म्हणजे बॉस्टन कॉलेज ज्या कॉलेजांच्या गटात खेळतं त्यातला, सर्वोत्तम बचावपटू ठरला होता. व्यावसायिक संघ त्याच्याकडे डोळे लावून होते, पण तो शेवटचं वर्ष खेळायला कॉलेजात थांबला. मे २००९ मध्ये त्याच्या डाव्या मांडीच्या हाडात युइंग सार्कोमा, म्हणजे हाडाचा दुर्मीळ कर्करोग, असल्याचं निदान झालं आणि २००९ चा पूर्ण हंगाम त्याला बाहेर काढावा लागला. लाइनबॅकरांच्या फळीत मोठं खिंडार पडलं, आणि १८ वर्षांच्या कीक्लीला मैदानात उतरवण्यात आलं.

त्या वर्षी त्याने १५८ टॅकल केले (टॅकल म्हणजे चेंडू घेऊन आलेल्याला पकडून पाडणं). गटातला सर्वोत्तम नवोदित बचावपटू तोच ठरला.

हर्झलिकची गोष्ट इथे संपत नाही. केमोथेरपी आणि रेडिएशन घेऊन, मांडीत धातूची सळी बसवून तो २०१० मध्ये परतला, आणि त्या हंगामात दोघे एकाच फळीत खेळले. पुढे त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात त्या फेऱ्यांत, कुणी निवडलं नाही. तरी न्यूयॉर्क जायंट्सने त्याला घेतलं, आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना, जिंकणाऱ्या संघात तो होता. कीक्लीला इतके मानसन्मान मिळाले, पण विजेत्यांना मिळणारी सुपर बोलची अंगठी त्याच्याकडे नाही. हर्झलिककडे आहे.

कॉलेजातले त्याचे ५३२ टॅकल हा आकडा खरंच एवढा मोठा आहे का?

आहे. आणि तो फसवाही आहे.

आधी मोठेपणा पाहू. २००९ मध्ये १५८, २०१० मध्ये १८३, २०११ मध्ये १९१. तीन हंगाम, ३८ सामने, ५३२ टॅकल. भागाकार करा, सामन्यामागे बरोबर १४ येतात. चांगल्या लाइनबॅकरने एखाद्या सामन्यात १० केले तरी दुसऱ्या दिवशी त्याचं नाव छापून येतं. २०१० आणि २०११ या दोन्ही वर्षी देशात सर्वाधिक टॅकल त्याचेच होते. नॉर्थवेस्टर्नचा टिम मॅगॅरिगल ५४५ टॅकल करून त्याच्या पुढे आहे, पण त्याला चार हंगाम मिळाले होते.

आता फसवेपणा. टॅकल केव्हा होतो? चेंडू समोरच्याकडे असतो तेव्हा. तुमच्या संघाची चढाई दुबळी असेल, तीन प्रयत्नांत गाडी अडून चौथ्यावर चेंडू लांब लाथाडून द्यावा लागत असेल, तर बचाव फळी पुन्हा मैदानात येते. ती जितकी जास्त वेळ तिथे, तितक्या टॅकलच्या संधी जास्त. याच तीन वर्षांतली बॉस्टन कॉलेजची कामगिरी शेजारी ठेवून पाहा: ८ विजय आणि ५ पराभव, मग ७ आणि ६, मग ४ आणि ८. त्याचे टॅकल वाढत गेले आणि संघ घसरत गेला. १९१ टॅकलचा तो विक्रमी हंगाम म्हणजे संघाच्या आठ पराभवांचा हंगाम.

म्हणजे टॅकलचा आकडा कुचकामी का? तसं नाही. पण एकट्या आकड्यावरून लाइनबॅकर जोखू नये. पाडलं कुठे, हे बघावं. धावणारा आठ यार्ड पुढे गेल्यावर पाडला तरी टॅकल एकच, आणि जागच्या जागी पाडला तरी एकच. कीक्लीचं मोठेपण मला विचाराल तर ५३२ मध्ये नाही. पास हवेतच हिसकावून घेण्यात आणि चेंडू निघायच्या आधी पाऊल उचलण्यात ते जास्त दिसतं. कॉलेजच्या शेवटच्या सामन्यात, मायामीविरुद्ध, त्याने पास मध्येच पकडून टचडाउनपर्यंत, म्हणजे समोरच्यांच्या गोलरेषेपार, नेला होता, तो प्रसंग मी शंभर टॅकलच्या वर ठेवीन.

चेंडू कुठे जाणार हे त्याला आधीच कसं कळायचं?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि याचं उत्तर अंतर्ज्ञान वगैरे नाही. अभ्यास आहे.

लाइनबॅकर चेंडूकडे बघत नाही. चेंडू लपवणं हेच समोरच्याचं काम असतं, त्यामुळे तो जे दाखवेल ते खोटं असू शकतं. लाइनबॅकर बघतो गार्डकडे. क्वार्टरबॅकच्या पुढ्यात जे पाच पहाडासारखे गडी वाकलेले असतात, त्यांतल्या मधल्याच्या डाव्या-उजव्या बाजूचे दोघे म्हणजे गार्ड. दीडशे किलोच्या माणसाला आपलं वजन लपवता येत नाही.

एक प्रसंग धरू. तिसरा प्रयत्न, दोन यार्ड अजून कापायचे आहेत. उजवा गार्ड तीन टेकूंवर आहे, म्हणजे दोन पाय आणि एक हात जमिनीवर. त्या हाताची बोटं गवतात रुतली आहेत, पेरं पांढरी पडलीत. म्हणजे भार पुढे आहे, तो पुढे मुसंडी मारणार, आणि चाल धावण्याची असणार. हाच भार टाचांवर असता आणि बोटं नुसती टेकलेली असती, तर तो मागे सरकून क्वार्टरबॅकला आडोसा देणार, म्हणजे पास. चेंडू हलला. गार्डचं हेल्मेट खालीच राहिलं: धाव पक्की. आता समजा, गार्ड पुढे न जाता डावीकडे वळून फळीमागून पळत सुटला. तो वाट मोकळी करायला निघाला आहे, चेंडू त्याच्या मागोमाग येणार. लाइनबॅकरने त्याच दिशेला, त्याच्याआधी, तिथे पोचायचं.

हे सगळं सांगायला मला एक परिच्छेद लागला. मैदानात याला एक श्वासही लागत नाही.

त्यावर आणखी एक थर असतो, तो आठवडाभराच्या चित्रफितींचा. हा संघ तिसऱ्या प्रयत्नाला दोन यार्ड हवे असताना काय करतो, ही रचना लावली की काय करतो, अमुक खेळाडू नेहमीपेक्षा पाऊलभर आत उभा राहिला तर काय होतं. कीक्ली चित्रफिती बघण्याच्या बाबतीत वेडा म्हणूनच ओळखला जायचा. पुढे व्यावसायिक खेळात तर समोरच्याने चाल सुरू करायच्या आधीच तो ती मोठ्याने ओरडून आपल्या सहकाऱ्यांना सांगायचा, आणि मैदानावरच्या मायक्रोफोनमध्ये ते टिपलंही गेलं आहे. समोरच्या क्वार्टरबॅकला तेव्हा काय वाटत असेल!

कीक्लीच्या कॉलेजकाळात हेल्मेटमध्ये रेडिओ नव्हता, तो तिथे आला २०२४ मध्ये. तेव्हा प्रशिक्षक मैदानाबाहेरून हाताने खुणा करायचे, आणि त्या वाचून बाकीच्यांना जागा सांगण्याचं काम लाइनबॅकरचं.

कॉलेजात त्याला कोणते सन्मान मिळाले?

२०११ या एका वर्षात बट्कस, लोम्बार्डी, नागुर्स्की आणि लॉट असे चार. यातला बट्कस पुरस्कार खास लाइनबॅकरांचा आहे. १९६० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठाकडून खेळलेल्या डिक बट्कसचं नाव त्याला दिलं आहे, आणि १९८५ पासून तो दिला जातो. २०२३ मध्ये कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्येही कीक्लीचा समावेश झाला.

कॉलेजात खेळताना पैसे मिळायचे का?

त्याच्या वेळी नाही. शिष्यवृत्ती असायची, त्यात फी, राहणं, जेवण, पुस्तकं. बाकी हात बांधलेले. स्वतःची सही किंवा जर्सी विकायलाही बंदी. २०१० मध्ये जॉर्जियाच्या ए. जे. ग्रीनने स्वतःची जर्सी हजार डॉलरला विकली, तर त्याला चार सामने बसवलं गेलं. आणि याच काळात कॉलेजं तिकिटांवर नि टीव्ही करारांवर कोट्यवधी डॉलर कमावत होती.

जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर, चेहऱ्यावर जाहिराती करून कमावता येतं, आणि २०२५ मध्ये झालेल्या न्यायालयीन तडजोडीनंतर कॉलेजं थेट उत्पन्नातला वाटा देऊ शकतात. कीक्ली आज कॉलेजात असता तर तिसऱ्या वर्षी बॉस्टनमध्येच राहिला असता का, हा प्रश्न मला पडतो. श्रीमंत कॉलेजाने पळवला असता, असं माझं मत.

चौथं वर्ष शिल्लक असताना तो बाहेर का पडला?

नियम असा आहे की शाळा सुटून तीन वर्षं झाल्याशिवाय एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, जाता येत नाही. कॉलेजात चार हंगाम खेळता येतं. तीन झाल्यावर थांबायचं की निघायचं, हा निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा. ड्राफ्टमध्ये सात फेऱ्यांत सगळे मिळून सुमारे अडीचशे खेळाडू निवडले जातात. पहिल्या फेरीत नाव येणार अशी खात्री असेल तर थांबण्यात जोखीम आहे. एक गुडघा गेला की सगळं गेलं. हर्झलिक थांबला होता आणि त्याचं काय झालं, हे कीक्लीने अगदी जवळून पाहिलं होतं. त्याचा त्याच्या निर्णयावर किती परिणाम झाला हे त्यालाच ठाऊक.

जानेवारी २०१२ मध्ये त्याने निर्णय जाहीर केला. ड्राफ्टआधीच्या चाचण्यांत ६ फूट ३ इंच, ११० किलोच्या आसपास वजनाचा हा गडी ४० यार्ड ४.५८ सेकंदांत धावला. तोवर त्याच्याबद्दल ‘डोकं आहे, पण पाय?’ अशी शंका होती, ती मिटली. एप्रिलमध्ये कॅरोलायना पँथर्सने त्याला नवव्या क्रमांकावर घेतलं.

एनएफएलमध्ये कसा खेळला?

पहिल्याच हंगामात पूर्ण लीगमध्ये सर्वाधिक टॅकल आणि सर्वोत्तम नवोदित बचावपटूचा मान. दुसऱ्या वर्षी, २०१३ मध्ये, लीगचा सर्वोत्तम बचावपटू. आठ हंगाम, ११८ सामने, सात वेळा प्रो बोलसाठी, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या मानाच्या सामन्यासाठी, निवड. २०१५ च्या हंगामाच्या बाद फेरीत लागोपाठ दोन सामन्यांत त्याने पास हिसकावून टचडाउन केले आणि पँथर्स सुपर बोलला पोचले. तिथे डेन्व्हरने त्यांना २४-१० असं हरवलं.

मग २८ व्या वर्षी निवृत्ती कशाला?

त्याने कारण थोडक्यात सांगितलं: मला जसं खेळायचं आहे, वेगाने आणि ताकदीने, तसं आता जमेल की नाही याची खात्री नाही. १४ जानेवारी २०२० ला एका चित्रफितीतून तो हे बोलला. करारातली वर्षं अजून शिल्लक होती, आणि काही आठवड्यांपूर्वीच त्याची पुन्हा प्रो बोलसाठी निवड झाली होती.

डोक्याच्या मारांचा त्याने बाऊ केला नाही, पण ते सगळ्यांना माहीत होते. २०१५, २०१६ आणि २०१७ या तिन्ही हंगामांत त्याला कन्कशनमुळे, म्हणजे मेंदूला बसलेल्या हादऱ्यामुळे, सामने सोडावे लागले. यातला २०१६ चा प्रसंग विसरता येत नाही. १७ नोव्हेंबर, गुरुवारची रात्र, समोर न्यू ऑर्लीन्स. टॅकल करताना मार बसला आणि हा एवढा बलदंड माणूस मैदानावर बसून हुंदके द्यायला लागला. श्वास आवरेना, अश्रू थांबेनात. त्याला गाडीत बसवून बाहेर नेलं. त्या हंगामातले उरलेले सहा सामने तो खेळला नाही.

पुढच्या वर्षापासून तो गळ्याला एक पट्टा घालून खेळू लागला. हा पट्टा मानेतल्या शिरांवर हलका दाब देतो, त्यामुळे कवटीत रक्त थोडं जास्त राहतं आणि मेंदू कमी हिंदकळतो, असा त्यामागचा विचार. त्या पट्ट्याला अमेरिकेच्या औषध प्रशासनाची परवानगी मिळाली ती २०२१ मध्ये, तो निवृत्त झाल्यानंतर.

असा निर्णय घेणारा तो पहिला नव्हता. विस्कॉन्सिनचा लाइनबॅकर ख्रिस बोरलँड मार्च २०१५ मध्ये, एनएफएलचा एकच हंगाम खेळून, २४ व्या वर्षी बाजूला झाला, आणि मेंदूची काळजी हेच कारण असल्याचं त्याने उघडपणे सांगितलं. २०१७ मध्ये बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी एनएफएलमध्ये खेळलेल्या १११ जणांचे मेंदू तपासले, त्यांतल्या ११० मध्ये सीटीई हा मेंदूचा विकार आढळला. मात्र हे मेंदू कुटुंबांनी दान केलेले होते, आणि ज्यांना त्रास जाणवला त्यांचीच कुटुंबं जास्त पुढे येतात. म्हणून प्रत्येक खेळाडूला हे होतंच, असा अर्थ काढू नये. जिवंतपणी या विकाराचं खात्रीचं निदान अजून होत नाही.

आमचा मुलगा तिथल्या शाळेत आहे, त्याला फुटबॉल खेळायचा आहे. खेळू द्यावं का?

न्यू जर्सीपासून टेक्सासपर्यंतचे मराठी आईबाप हा प्रश्न विचारतात, बहुतेक वेळा मुलाने अर्ज भरून झाल्यावर. डॉक्टरांचा सल्ला आधी घ्या. माझं मत विचाराल तर लहान वयात फ्लॅग फुटबॉल खेळू द्या. त्यात पाडापाडी नसते, कमरेची पट्टी ओढली की झालं. समोरचा काय करतोय, पास कुठे येतोय, हे वाचायची सवय त्यातूनही काही प्रमाणात लागते. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ आहे, तेव्हा ‘पोरखेळ’ म्हणून मुलगाही नाक मुरडणार नाही.

मोठा होऊन टॅकल फुटबॉल खेळणारच असेल, तर प्रशिक्षकाला एकच प्रश्न विचारा: सरावात पूर्ण ताकदीची टक्कर आठवड्यातून किती वेळा होते? आयव्ही लीगच्या, म्हणजे हार्वर्ड-येल वगैरे जुन्या, कॉलेजांनी २०१६ मध्ये हंगामातल्या सरावातून ती पूर्ण काढून टाकली. त्यांतल्याच डार्टमथने त्याच्याही आधी, २०१० पासून, हे सुरू केलं होतं, आणि तरी त्यांचे खेळाडू टॅकल करायला विसरले नाहीत. ‘टकरीशिवाय पोरं तयार होत नाहीत’ असं उत्तर आलं, तर दुसरा क्लब शोधा.

भारतातून हे सामने बघायचे तर कधी, आणि लाइनबॅकरचा खेळ कळावा म्हणून काय बघायचं?

कॉलेजचे बहुतेक सामने शनिवारी असतात, ऑगस्टच्या शेवटापासून. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारी १२ ला सुरू होणारा सामना आपल्याकडे शनिवारी रात्री साडेनऊला लागतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं मागे जातात, त्यानंतर साडेदहाला. तिथले संध्याकाळचे सामने आपल्याकडे रविवारी पहाटेचे, ते पुन्हा दाखवतात तेव्हाच बघितलेले बरे.

बघताना पहिली पाच-सहा मिनिटं चेंडू विसरा. बचावाच्या मधल्या माणसावर नजर ठेवा. तो कुणाकडे बोट दाखवतोय, आणि क्वार्टरबॅक त्याच्याकडे बोट दाखवून आपल्या माणसांना काय सांगतोय, ते बघा. कारण माइक कोण हे आधी ठरवल्याशिवाय समोरच्यांनाही आपला आडोसा रचता येत नाही. मग चेंडू हलताच त्याचं पहिलं पाऊल कुठे पडतं ते बघा. पुढे पडलं आणि चेंडू पासचा निघाला, तर तो फसला. न हलता क्षणभर थांबला आणि मग बरोबर दिशेला गेला, तर गडी तयारीचा आहे. चेंडू कुठे गेला ते समालोचक सांगतोच.